सोंगाड्या रडतो तेव्हां

(एका खेडेगांवच्या शाळेंतील पालकसभेंत तेथील शिक्षकांनीं केलेलें भाषण)



काल रात्रीं शाळेच्या पटांगणांत पांढरी चादर ताणून आपण सर्वांनीं मिळून एक चित्रपट पाहिला. ‘एक होता विदूषक’ हें त्याचें नांव. लक्ष्मीकांत बेर्डे ह्यांचें नांव फळ्यावर वाचून गर्दी चांगली जमली होती. पोरेंबाळें पुढें, बायामाणसें एका बाजूला, म्हातारीं माणसें भिंतीला टेकून, अशी सर्व मंडळी हंसण्याच्या तयारीनें बसली होती. पहिल्या घटकेंत हंसणेंही झालें. पुढें तें कमी कमी होऊं लागलें. निम्मा खेळ झाला तेव्हां कांहीं जण घोंगडी झटकून उठले आणि घरीं गेले. जे राहिले ते शेवटपर्यंत गप्प बसले. खेळ संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ आम्हांला म्हणाले, ‘‘गुरुजी, लक्ष्याचा शिनेमा म्हणून आलो. त्याला रडायला कशाला लावलं? घरीं रडणं काय कमी हाय व्हय?’’

हा प्रश्न रात्रभर आमच्या डोक्यांत राहिला. आज मुलांच्या हजेरीवर बोलावें असें ठरलें होतें. तें आम्ही बोलूंच. परंतु आधीं ह्या प्रश्नाचें उत्तर द्यावें असें वाटतें; आणि तें उत्तर शेवटीं मुलांपर्यंतच येऊन पोंचतें, हें आपणांस दिसेल.

ह्या प्रश्नांत दोन गोष्टी आहेत. एक अशी कीं, ज्यानें आजवर हंसविलें त्यानें जन्मभर हंसवीतच राहावें. दुसरी अशी कीं, कष्टकऱ्याच्या घरीं दुःख आधींच पोतेंभर पडलेलें आहे, मग विकतचें दुःख कशाला? दोन्ही गोष्टी आपल्याच घरांतल्या माणसानें बोलाव्या तशा आहेत. म्हणून त्यांना रागानें उत्तर देतां येत नाहीं. शांतपणें विचार करूं.

पहिली गोष्ट घ्या. हंसविणारा मनुष्य म्हणजे हलका मनुष्य, ही समजूत आपल्यांत कोठून आली? आपल्या रोजच्या बोलण्याकडे लक्ष द्या. पोर खोड्या करूं लागलें कीं आपण म्हणतों, ‘सोंगें करूं नको.’ कोठें भांडण लागलें कीं म्हणतों, ‘तमाशा नको.’ पुढारी खोटें बोलला तर त्याला विदूषक म्हणतों. म्हणजे ज्या कलेच्या नादानें आपल्या बापजाद्यांनीं जत्रेच्या रात्री जागून काढल्या, तिचींच नांवें आपण शिव्या म्हणून वापरतों. खेळ पाहायचा, पोट धरून हंसायचें, आणि सकाळीं त्याच माणसाला ओट्यावर चढूं द्यायचें नाहीं, असाही काळ ह्या मुलखानें पाहिला आहे.

सोंगाड्याचें काम काय असतें तें म्हाताऱ्या मंडळींना सांगायला नको, पोरांसाठीं सांगतों. गण झाल्यावर गवळण लागते, तींत मावशी होऊन येणारा तोच. पुढें बतावणी त्याची. वगांतला राजा, प्रधान, राणी हीं ठरलेलें बोलतात; सोंगाड्या शिपाई नाहींतर नोकर होऊन राजाच्या शेजारीं उभा राहतो आणि आपल्या गांवच्या बोलींत त्याचें बिंग फोडतो. ज्या गांवीं खेळ असेल, त्या गांवच्या चावडीपासून पाणवठ्यापर्यंतच्या गोष्टी त्याला दुपारींच काढून ठेवाव्या लागतात. वग कोठें रेंगाळला, लोक कोठें चुळबुळ करूं लागले, हें त्याला सर्वांच्या आधीं कळावें लागतें. सत्यशोधक जलशांनीं तमाशाचा हाच बाज उचलला, तेव्हां सावकारी, कर्मकांड आणि शिक्षण हे जड विषय लोकांच्या गळीं उतरविले ते असेच हंसत हंसत. असें काम करणारा मनुष्य हलका कसा असेल? फडांतला सर्वांत जागा मनुष्य तो.

आतां चित्रपटांतलीं उदाहरणें पाहूं. हिंदी चित्रपटांतील जॉनी वॉकर आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक आहेत. त्यांचें खरें नांव बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी. वडील इंदूरच्या गिरणींत कामगार होते. कुटुंब मुंबईस आलें आणि हे गृहस्थ बेस्टच्या बसवर कंडक्टर झाले. उतारूंना हंसवीत तिकिटें फाडणारा हा तरुण बलराज साहनींनीं हेरला आणि गुरुदत्तांकडे पाठविला. १९५१ सालच्या ‘बाजी’पासून पुढें त्यांनीं वीस वर्षें लोकांना हंसविलें. दारुड्याचें सोंग त्यांच्याइतकें कोणीं वठविलें नाहीं, आणि स्वतः मात्र दारूला शिवले नाहींत. १९७१ सालीं हृषिकेश मुखर्जींचा ‘आनंद’ आला. त्यांत मरणाच्या दारांत असलेल्या आनंदला भेटायला नाटकवाला ईसाभाई येतो. आजाऱ्यापुढें तो तोंड हंसरें ठेवतो, आणि पाठ फिरतांच त्याचा बांध फुटतो. काम म्हणाल तर थोड्या मिनिटांचें. पण ज्यांनीं तो चित्रपट पाहिला त्यांना विचारा. नायकाच्या मरणाइतकाच ईसाभाईचा तो हुंदका त्यांच्या ध्यानांत असतो. ज्याला आपण कधीं रडतांना पाहिलें नाहीं, तो रडला म्हणजे तें दुःख खरेंच असलें पाहिजे, असें आपलें मन आपल्याला सांगतें.

आपल्या मराठींत निळू फुले झाले. पुण्याचा हा माणूस तरुणपणीं लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेंत माळीकाम करीत होता. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांत अभिनयाची गोडी लागली. शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ ह्या लोकनाट्यांत त्यांनीं लोकांना पोटभर हंसविलें. तेथून अनंत माने ह्यांच्या १९६८ सालच्या ‘एक गांव बारा भानगडी’ ह्या चित्रपटांत आले. पुढें विजय तेंडुलकरांनीं लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनीं दिग्दर्शित केलेल्या ‘सामना’मध्यें ते साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील झाले. समोर डॉक्टर श्रीराम लागूंसारखा नट मास्तरच्या भूमिकेंत. हा चित्रपट १९७५ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत गेला.

त्यांतला हिंदुराव आरडाओरडा करीत नाहीं. तो पाहुणचार करतो. अदबीनें बोलतो, हंसतो, ‘मास्तर, मास्तर’ म्हणत जवळ बसवून घेतो. आणि त्या हंसण्याचीच आपल्याला भीति वाटूं लागते. हें कोठून आलें? लोकनाट्यांतूनच आलें. बोलतांना कोठें थांबावें, कोणता शब्द खालच्या सुरांत टाकावा, नजर केव्हां वर उचलावी, हें त्यांनीं हजारों लोकांच्या हंसण्यावरून मोजून घेतलेलें होतें. तेंच माप त्यांनीं भीतीला लावलें. पुढें १९७९ सालच्या ‘सिंहासन’मध्यें ते दिगू टिपणीस नांवाचे बातमीदार झाले आणि सत्तेचा बाजार पाहून आंतून पोखरत जाणारा माणूस त्यांनीं उभा केला. पडद्यावरचा त्यांचा दुष्टपणा लोकांना इतका खरा वाटे कीं खेडोपाडीं बायाबापड्या त्यांना शिव्याशाप देत, असें सांगतात. प्रत्यक्षांत हा मनुष्य साधा आणि चळवळींत रमणारा. १३ जुलै २००९ रोजीं ते गेले. कालच्या चित्रपटांतही ते आहेत, हें आपण ओळखलें असेलच.

आतां लक्ष्मीकांत बेर्डे. त्यांच्याविषयीं थोडें सविस्तर बोलतों, कारण प्रश्न त्यांच्यावरूनच निघाला. मुंबईच्या मराठी साहित्य संघांत नोकरी करतां करतां ते नाटकांत लहान कामें करीत. ‘टूरटूर’ ह्या नाटकानें नांव झालें. मग १९८५ सालचा ‘धूमधडाका’, १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’, १९८९ सालचा ‘थरथराट’. आणि त्याच वर्षीं हिंदींत ‘मैंने प्यार किया’. मराठी मुलुखांत असें घर नव्हतें जेथें त्यांना कोणी ‘लक्ष्या’ म्हणून घरच्या पोरासारखें ओळखीत नसे. ह्या सर्व चित्रपटांतून त्यांचा एक ठराविक साज झाला: बावरलेले डोळे, अडखळती घाईची बोली, पडणें, आपटणें, पळणें. लोक तेवढेंच मागत आणि निर्माते तेवढेंच देत.

अशा वेळीं, १९९२ सालीं, जब्बार पटेलांनीं त्यांना ‘एक होता विदूषक’मध्यें घेतलें. पटकथा आणि संवाद पु. ल. देशपांडे ह्यांचे, गाणीं ना. धों. महानोरांचीं. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळानें तो काढला. नायक आबूराव. त्याची आई मंजुळा ही तमाशांत नाचणारी, मधू कांबीकरांनीं उभी केलेली. बाप इनामदार, नांव द्यायला मागें सरलेला. पोर फडांतच वाढतें, सोंगाड्या होतें. पुढें तोच आबूराव बोर्डावरून चित्रपटांत जातो, पैसा मिळवितो, आणि मग राजकारणवाले त्याची लोकप्रियता आपल्या गाड्याला जुंपतात. सर्व महाराष्ट्राला हंसविणाऱ्या ह्या माणसाच्या पदरीं एक लहान पोर येते, आणि ती पोर कांहीं केल्या हंसत नाहीं.

बंधूंनो, येथें लक्ष्मीकांतांनीं काय केलें तें पाहा. तोंड तेंच, आवाज तोच, अंगही तेंच. पण जी घाई त्यांची ओळख होती, ती त्यांनीं बाजूला ठेवली. आजवर पडल्यावर ते झटकन् उठत आणि आपण हंसत असूं. येथें मन पडतें, आणि उठायला वेळ लागतो. तो वेळ त्यांनीं घेतला, आणि आपल्यालाही घ्यायला लावला. काल निम्म्यांतून उठलेली मंडळी ह्याच ठिकाणीं उठली, असें आमच्या पाहण्यांत आलें. त्यांना तो वेळ जड गेला.

त्या चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गल्ल्यावर मात्र तो चालला नाहीं. लोक हंसायला आले आणि निराश होऊन परत गेले. पुढें लक्ष्मीकांत पुन्हां तींच ठराविक कामें करूं लागले आणि १६ डिसेंबर २००४ रोजीं, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षीं, हा गुणी नट आपल्यांतून गेला. मधल्या बारा वर्षांत त्या तोलाची भूमिका पडद्यावर त्यांच्या वाट्याला आली नाहीं, असें आमचें मत आहे. दोष कोणाचा? निर्मात्यांचा म्हणून हात झटकणें सोपें आहे. पण निर्माता बाजार पाहून माल आणतो. बाजार म्हणजे आपण. ज्या कुणब्याला आपण दरवर्षीं म्हणतों कीं तुझा कांदाच आणत जा, त्यानें केळी लावून आणली कीं हातही लावीत नाहीं, त्या कुणब्यानें पुढच्या सालीं काय लावावें?

सगळीकडे असेंच घडतें असें मात्र नाहीं. म्हणून आतां थोडें दूर, दक्षिणेंत केरळांत जाऊं. तेथें हंसविणाऱ्या नटांचें काय झालें, हें आपल्या घरांसाठीं विचार करण्यासारखें आहे.

तिरुवनंतपुरमला सुरेंद्रन् नांवाचा एक मुलगा होता. घरच्या गरिबीमुळें चौथीनंतर त्याची शाळा सुटली आणि तो शिंप्याच्या दुकानांत बसूं लागला. हें वाक्य आम्ही पुन्हां म्हणत नाहीं, पण समोर बसलेल्या शिंपी, सुतार, कुंभार बंधूंनीं तें ध्यानांत ठेवावें. कपडे शिवतां शिवतां तो चित्रपटांच्या वेषभूषेच्या कामाला लागला, आणि तेथून लहान लहान भूमिकांत शिरला. दुकानाचेंच नांव त्यानें घेतलें: इंद्रन्स. अंग काडीसारखें. लोक त्या अंगाला हंसले, आणि वर्षानुवर्षें त्याला त्या अंगावरच कामें मिळालीं. नट म्हणून तो कोण आहे हें पाहायची गरज कोणाला वाटली नाहीं.

मग ‘आळोरुक्कम्’ नांवाचा चित्रपट आला. त्यांत इंद्रन्स एका म्हाताऱ्या ओट्टनतुळ्ळल कलावंताची भूमिका करतात. ओट्टनतुळ्ळल ही केरळची लोककला. अठराव्या शतकांत कुंचन नंबियार ह्यांनीं ती रूढ केली, आणि हंसत हंसत मोठ्यांना चिमटे काढणें हें तिचें काम. म्हणजे तोही एक प्रकारचा सोंगाड्याच. हा म्हातारा सोळा वर्षांपूर्वीं हरवलेल्या आपल्या मुलाला शोधीत निघतो. ह्या कामाबद्दल इंद्रन्स ह्यांना २०१७ सालचा केरळ राज्याचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पुढें २०२१ सालच्या ‘होम’मध्यें, मुलांच्या हातांतल्या मोबाइलपुढें परका झालेला साधा बाप त्यांनीं उभा केला, त्याची राष्ट्रीय पुरस्कारांच्या वेळीं खास दखल घेतली गेली. आणि शिक्षक म्हणून आम्हांला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट अशी कीं, एवढें झाल्यावर, वयाची पासष्टी उलटल्यावर, २०२४ सालीं ह्या गृहस्थांनीं सातवीची समकक्ष परीक्षा दिली. चौथींत सुटलेली पाटी त्यांनीं पुन्हां हातीं घेतली.

दुसरे सलीम कुमार. नकला करणाऱ्यांच्या फडांतून आलेले. केरळांत त्यांचें नुसतें तोंड दिसलें तरी लोक हंसत. ‘आदामिंटे मकन् अबू’ ह्या चित्रपटांत ते म्हातारे अत्तर विकणारे अबू झाले. अबूला आणि त्याच्या बायकोला मरण्यापूर्वीं हजला जायचें आहे. पैसे जमवायला गुरेंढोरें विकलीं, दारांतलें फणसाचें झाड वखारवाल्याला दिलें. झाड तोडल्यावर आंतून पोकळ निघालें, लांकूड जळाऊ. वखारवाला भला माणूस. तो म्हणतो, ठरलेले पैसे घे. अबू नको म्हणतो. ज्याची किंमत नाहीं त्याचे पैसे घेऊन केलेली यात्रा देवाला कशी पोंचेल? इतरही पैसे देऊं करतात, त्यांनाही तो नकार देतो. हा नकार सलीम कुमारांनीं इतक्या हळू आवाजांत दिला आहे कीं ऐकणाऱ्याची मान खालीं जाते. २०१० सालचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला.

तिसरे सुराज वेंजारमूड. २०१३ सालासाठीं त्यांना ‘पेररियातवर’ ह्या चित्रपटांतील रस्ता झाडणाऱ्या कामगाराच्या भूमिकेबद्दल सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि त्याच सालासाठीं त्यांच्या स्वतःच्या राज्यानें त्यांना कोणता पुरस्कार दिला? सर्वोत्कृष्ट विनोदी नटाचा. देशानें ज्याला अभिनेता म्हटलें, त्याला घरच्यांनीं विनोदी नट म्हटलें. विनोदी नट म्हणणें हा कांहीं अपमान नव्हे. पण शिक्का एकदां बसला म्हणजे तो किती खोल बसतो, हें त्यावरून दिसतें. पुढें २०१९ सालासाठीं त्याच राज्यानें त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून गौरविलें, हेंही सांगितलें पाहिजे. शिक्का पुसतां येतो. पण पुसणाऱ्याची इच्छा लागते.

आतां तुम्ही विचाराल, हें हंसविणाऱ्याला साधतें कसें? कुंभाराच्या घरीं मडकें थापतांना पाहा. एक हात बाहेरून थापी मारतो. तो आपल्याला दिसतो. दुसरा हात आंतून गोटा धरून असतो. तो दिसत नाहीं. आंतला हात नसेल तर बाहेरच्या थापीनें मडकें बसेल. हंसविणाऱ्याचें तसेंच आहे. लोक ज्या गोष्टीला हंसतात, ती बहुतेक वेळां कोणाची तरी फजिती असते: भूक, उधारी, मार, अपमान, धांदल. ती फजिती आंतून ठाऊक असल्याशिवाय तिचें सोंग वठत नाहीं. म्हण आहे कीं सर्व सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं. गरिबींत वाढलेला सोंगाड्या तें न आणतां येणारें सोंगही जवळून पाहून असतो.

शिवाय त्याला वेळ मोजण्याची संवय असते. हंसूं हें क्षणाच्या आधीं नाहीं आणि क्षणानंतर नाहीं. गंभीर नट चुकला तर लोक जांभई देतात. विनोदी नट चुकला तर तेथल्या तेथें शांतता पसरून त्याची परीक्षा होते. अशी रोजची परीक्षा दिलेला मनुष्य दुःखाच्या प्रसंगीं शब्द वायां घालवीत नाहीं. आणि तिसरी गोष्ट लाजेची. आपण वाईट दिसूं, आपल्याला लोक हंसतील, ही भीति देखण्या नायकाला असते. सोंगाड्यानें ती पहिल्याच दिवशीं बोर्डावर सोडलेली असते. खरें रडणें सुंदर दिसत नाहीं. तें करायला असाच माणूस लागतो.

पण एक सावधगिरी ठेवूं. प्रत्येक विनोदी नटाला हें साधतेंच असें नाहीं. आणि रडविलें म्हणून तो मोठा झाला, हंसवीत होता तोंवर लहान होता, असेंही कोणी समजूं नये. तसें समजलों तर आपण पुन्हां जुनीच चूक केली. लक्ष्मीकांत ‘बनवाबनवी’तही तेवढेच मोठे नट होते. त्यांनीं ‘एक होता विदूषक’मध्यें नवें कांहीं उसनें आणलें नाहीं, जें होतें तेंच दाखविलें. आपल्याला आश्चर्य वाटलें, कारण आपण तोंवर पाहिलें नव्हतें. आश्चर्य हा पाहणाऱ्याचा हिशेब आहे.

जन्मावरून धंदा आणि धंद्यावरून प्रतिष्ठा, ही चाल मोडण्यासाठीं आपल्या वडीलधाऱ्यांनीं आयुष्यें वेंचलीं. आणि आपण पडद्यावर तीच चाल लावली! हा नायक, हा खलनायक, हा हंसविणारा. ज्यानें त्यानें आपल्या पायरीवर राहावें. सोंगाड्यानें रडायचें नाहीं, कारण तें त्याचें काम नव्हे. बंधूंनो, हें वाक्य ओळखीचें वाटत नाहीं का?

आतां आमचीच एक चूक सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. ट्रेनिंग कॉलेजांतून बाहेर पडून आम्हांला फार दिवस झाले नव्हते. दुसऱ्या एका गांवीं, आमच्या वर्गांत एक मुलगा होता. नकला करण्यांत पटाईत. आम्हीं त्याचें नांवच ‘सोंगाड्या’ ठेवलें होतें. आणि आम्हीं ठेवलें म्हणून सर्व शाळेनें ठेवलें. एके दिवशीं मधल्या सुटींत तो गुरांच्या बाजारांतल्या हेड्याची नक्कल करीत होता. बैलाचा जबडा उघडून दांत कसे पाहतो, शेपटी कशी पिळतो, रुमालाखालीं बोटें धरून सौदा कसा करतो, आणि बैलवाल्याच्या तोंडाकडे न पाहतां नोटा कशा मोजतो, सर्व हुबेहूब. पोरें लोळत होतीं. घंटा होऊन गेली तरी हंसणें थांबेना, म्हणून आम्हीं त्याला दोन छड्या दिल्या आणि तास संपेपर्यंत उन्हांत उभें केलें. तो उभा राहिला. उन्हांतही त्यानें एकदां खिडकींतून शेपटी पिळून दाखविली.

संध्याकाळीं कळलें कीं, त्याच दिवशीं सकाळीं त्याच्या बापाची बैलजोडी कर्जापायीं गेली होती. त्यानें नक्कल केली ती त्या हेड्याची. आम्ही त्याच्या घरीं गेलों. गोठा रिकामा होता. आई म्हणाली, ‘‘सकाळपासनं भाकरीला शिवला न्हाई, गुरुजी. शाळंत तरी काय खाल्लं का?’’ आम्हांला बोलतां आलें नाहीं.

सातवीनंतर त्याची शाळा सुटली. आज तो तालुक्याला मोटारसायकली दुरुस्त करतो. भेटला म्हणजे हंसवितो. त्या दिवसाबद्दल तो कधीं बोलला नाहीं आणि आम्हींही माफी मागितली नाहीं. तो येथें नाहीं, तरी आज चार माणसांसमक्ष सांगतों कीं, तो मुलगा रडत होता आणि आम्हांला तें वाचतां आलें नाहीं. वाचायला शिकविणें हाच तर आमचा धंदा!

तेव्हां त्या वृद्ध गृहस्थांच्या दुसऱ्या गोष्टीकडे येतों. घरीं दुःख कमी आहे काय? नाहीं, बाबा, कमी नाहीं. पण घरच्या दुःखांत आपण एकटे असतों. दार लावून रडतों, आणि सकाळीं तोंड धुऊन बांधावर जातों. पटांगणांत शंभर माणसांबरोबर बसून, आपल्यासारख्याच एका माणसाला तें दुःख सोसतांना पाहिलें, म्हणजे तें एकट्याचें राहत नाहीं. काल जे शेवटपर्यंत बसले, ते घरीं जातांना एकमेकांशीं हळू आवाजांत बोलत होते, हें आम्हीं ऐकलें. लक्ष्याला रडायला कोणीं लावलें नाहीं. आपण त्याला इतकीं वर्षें रडूं दिलें नव्हतें, एवढेंच.

म्हणून दोन विनंत्या करतों. पहिली अशी कीं, पुढच्या महिन्यांत आपण ‘सामना’ लावणार आहों. कंटाळा आला तरी निम्म्यांतून उठूं नका. आपल्याला हंसविणाऱ्या माणसाचें आपल्यावर तेवढें देणें आहे. दुसरी विनंती हजेरीची, म्हणजे मुलांची. घरांत जें पोर सारखें हंसवितें, नकला करतें, त्याला ‘सोंगाड्या’ म्हणून मोडीत काढूं नका. आणि जें गप्प आहे त्याला मठ्ठ म्हणूं नका. ह्या महिन्यांत शाळा बुडविणारीं जीं मुलें आहेत, त्यांत वर्गांत सर्वांत जास्त हंसविणारीं दोन आहेत. त्यांच्या घरीं काय चाललें आहे तें आम्ही येत्या आठवड्यांत येऊन विचारणार आहों. दार उघडें ठेवा, आणि खरें सांगा.